खिशातली भुकटी

“साहेब, पंप तुम्ही बंद करायला लावलात, जंतू तुम्ही मारलेत, आणि नोटिशीत नाव टाकलंत माझ्या नवऱ्याचं.”

एवढं लिहून तिनं पेनाला टोपण लावलं आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. त्यानं वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

“मी हे सांगितलं होतं? ‘माझ्याकडून चूक झाली, माफी असावी,’ एवढंच लिही म्हटलं होतं.”

“ते खोटं आहे. खोट्याला माझं अक्षर मिळणार नाही. तुमचं आहेच की, कोंबडीच्या पायांचं. लिहा.”

नोटीस येऊन दोन दिवस झाले होते. बावीस वर्षं तो तांब्याच्या कारखान्यातल्या टाक्या सांभाळत होता. खाणीतलं कुणी विचारत नाही असं हलक्या प्रतीचं खनिज दळून त्यांतल्या आम्लाच्या पाण्यात टाकलं जायचं. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यातलं लोखंड आणि गंधक खायचे आणि तांबं पाण्यात सुटायचं. पाणी निळं झालं की हा शीळ घालत घरी यायचा. त्या जिवांना हवा मात्र सतत लागायची. सुट्टीचे चार दिवस विजेची बचत म्हणून हवेचे पंप बंद ठेवा, असा वरून फोन आला. हा ओरडला, मग हात जोडले. गारेगार खोलीत बसून हुकूम सोडणाऱ्याला दुसऱ्याचा श्वास कोंडल्याचं काय कळणार? पाचव्या दिवशी टाक्या मेल्या होत्या, आणि आता म्हणे फोन कुणीच केलेला नव्हता. उद्यापर्यंत माफीनामा दिला नाही तर नोकरी जाणार होती.

“नोकरीचं सोड,” तो म्हणाला. “आपल्या खनिजात विष आहे, आर्सेनिक. ते पचवायला त्यांना सहा वर्षं लागली. बाहेरून नवे आणले तर आठ दिवसही टिकायचे नाहीत. माझी पोरं गेली गं सगळी.”

एरवी ती जंतूंबद्दल विचारायची, “काय म्हणतात माझ्या सवती?” आज ती उठली आणि ओट्याखालून एक काचेची बरणी काढून त्याच्यासमोर ठेवली. तोंडाला कापसाचा बोळा. आत विटकरी लाल पाणी.

लेकीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी तीन वर्षांपूर्वी त्यानंच ती टाकीतून भरून आणली होती. आणून विसरलाही होता.

“ही फेकली नाहीस तू?”

“जेवताना तुम्ही दुसरं काय बोलायचात? हिराकस, ते लोखंडाचं मीठ, घातला की पाणी हिरवट, आणि मंडळी जिवंत असली की आठवड्यात लाल. मग घालत गेले चिमूट चिमूट. बॅटरीच्या आम्लाचे चार थेंब. येता-जाता हलवायचं, हवा लागते म्हणून.”

त्यानं बरणी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

“पण नुसत्या हिराकसावर यांची विष पचवायची सवय मोडली असणार. खनिज नाही पोटात.”

“मोडेल कशी? धुण्याआधी तुमचे खिसे कोण उलटे करतं? त्यातली खनिजाची भुकटी कुठे जाते वाटलं तुम्हाला?”

त्यानं सदऱ्याच्या खिशात बोटं घातली. शिवणीत काहीतरी करकरलं. ते त्यानं चिमटीत धरून काढलं, बोळा उचलला आणि बरणीत सोडलं. एक कणही बाहेर सांडला नाही.

“सवतीला जेवू घालतेस आणि मला सांगत नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही तिला माझ्या डोक्यावर बसवलं असतंत.”

तो हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग कागद परत तिच्याकडे सरकवला.

“वरचं राहू दे. पुढे लिही.”

“माफी?”

“लिही, ‘जंतूंची एक बरणी जिवंत आहे. तिच्या विरजणावर टाक्या पुन्हा उभ्या राहतील. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही दोघं ती घेऊन फाटकाशी उभे असू. पण टाकीत ओतण्याआधी मला कळलं पाहिजे, पंप बंद करा म्हणून तुमच्यापैकी फोन करणारा कोण होता? नाव लेखी द्या.’”