भिंतीवर धडधडलेलं काळीज

मी प्रोजेक्टर बोलतोय, बल्गेरियातल्या एका डोंगरगावच्या शाळेतून. जीवशास्त्राच्या वर्गात छताला टांगलेला असतो मी.

आलो तेव्हा मात्र जीवशास्त्र शिकवणाऱ्या नेव्हेनाबाईंनी मला वर्षभर नकाशांच्या कपाटात कोंडलं. "भिंतीवरचा सिनेमा मुलं घरी बघतातच की!" म्हणायच्या. तिथल्या अंधारातून मी त्यांचे तास ऐकायचो, दाराच्या फटीतून बघायचो.

वर्गात रालित्सा होती. जन्मापासून नजर अधू. वाचताना नाक पुस्तकाला टेकायचं. सूक्ष्मदर्शकापाशी तिची पाळी आली की वाकायची आणि हळूच म्हणायची, "दिसलं."

"काय दिसलं गं? हत्ती?" मागून क्रुम ओरडायचा. वर्ग खिदळायचा.

एकदा बाईंनी सांगितलं, सूक्ष्मदर्शकात जे दिसलं त्याचं चित्र काढा. रालित्साचा कागद कोराच राहिला.

"बाई, मला यातलं कधीच काही दिसलं नाही. आई मला सोफिया शहरातल्या अंधशाळेत घालणारेय. घर सुटेल, पण जाऊ दे. तेच बरं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवला, त्याची वायर मला जोडली. पहिलं चित्र उलटं पडलं.

"बाई, तळं डोक्यावर पडतंय!" क्रुम ओरडला.

"पडू दे. तू छत्री उघड!"

मग चित्र सुलट झालं. गिरणीमागच्या तळ्यातलं थेंबभर पाणी, त्यात मोहरीहून लहान पाणपिसू. भिंतीवर ती कपाटाएवढी झाली. अंग काचेसारखं आरपार, आणि आत इवलंसं काळीज भराभर धडधडत होतं! माझ्यातून असं काही जाईल, हे मलाही ठाऊक नव्हतं. वर्ग चिडीचूप झाला.

रालित्सा उठली. भिंतीपाशी जाऊन तिने तळवा टेकला. ते काळीज आता तिच्या हाताच्या पाठीवर धडधडत होतं.

"बाई... हे जिवंत आहे? आत्ता?"

"आत्ता. तुझ्यासमोर."

तिने पाणपिसूची कड बोटाने गिरवली. मग म्हणाली, "पाठीत पिल्लं आहेत हिच्या. वळवळतायत बघा!"

"कुठे?" क्रुम डोळे ताणून बघू लागला. "मला नाही दिसत."

"इकडे ये, दाखवते."

त्या आठवड्यात बाईंनी तिच्या आईला वर्गात बोलावलं. आई दारातच उभी राहिली. लेक भिंतीवरच्या जिवाचा एकेक अवयव दाखवत होती. आई डोळे पुसत म्हणाली, "इथेच शिकू दे पोरीला."

आता माझा दिवा मंदावलाय. माझ्या जागी स्वतःच चित्र दाखवणारा नवा पडदा येणार म्हणे. येऊ दे. त्याला एवढंच सांगा: चित्र उमटलं की मुलं आधी गप्प होतात. तेव्हा घाई करू नकोस, बाबा. थोडा थांब.