बारीक लसूण

मुकुलने संहिताच्या सीव्हीवरच्या पत्त्यातलं ‘हातोद’ खोडलं आणि वर ‘इंदूर’ लिहिलं.

“पण भिया, मी राहते तर हातोदलाच ना?”

“मग? कंपनी काय पत्ता शोधत तुझ्या दारात येणारे?”

संहिता हसली. तो बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला, ती दुसऱ्या. कॉलेजच्या नियमाने तो तिचा मेंटॉर आणि इंदुरी रिवाजाने ‘भिया’, म्हणजे भाऊ. वर्षापूर्वी ती आली तेव्हा तिच्या सीव्हीत इतक्या चुका होत्या, की सुधारता सुधारता लाल पेनाने हात टेकले. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की ती खिडकीबाहेर बघायची. त्यानेच तिला घडवलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना तसं ऐकवूनही झालं होतं. भानगड एवढीच, की मसाल्याच्या कंपनीत उन्हाळी इंटर्नशिपची जागा एकच होती आणि मुलाखतीच्या यादीत बाकीच्यांबरोबर नावं या दोघांचीही. यादी लागल्यापासून मुकुलच्या पोटात असं काही दुखत होतं, की आईने दोनदा ओवा चावायला दिला.

“लसणाची गोष्ट तरी सांगू ना?”

ती गोष्ट त्याने एकदाच ऐकली होती आणि तेव्हापासून ती त्याला छळत होती. मंडीत बारीक लसणाला कुणी हात लावत नसे. चौदा वर्षांच्या संहिताने तो घरी आणला, गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून सोलून घेतला आणि इंदूरच्या सराफ्यात रात्री गाड्या लावणाऱ्या चाटवाल्यांकडे नेला. त्यांना चटणीला लसूण हवा, सोलायला फुरसत नाही. महिन्याभरात मंडीत बारीक लसूण मिळेनासा झाला.

आणि मुकुलच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी सुईसुद्धा विकलेली नव्हती. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात, आजोबा दत्तोपंत शिक्षण खात्यात, वडील बँकेत. सगळे सह्या करण्यात पटाईत.

“बिलकुल नको,” तो कागदावरची नजर न काढता म्हणाला. “गावठी वाटतं. टीमवर्क सांग, लीडरशिप सांग. पाठ करून घेतलंय तेवढंच.”

“पक्का?”

“मेंटॉर कोण आहे?”

“तुम्हीच, भिया,” ती म्हणाली. विषय संपला.

मुलाखतीला ती आधी आत गेली आणि सात मिनिटांत बाहेर आली.

“सगळं बोलले. एक शब्द चुकला नाही. पण मुलाखत घेणाऱ्या त्या बाई सारख्या घड्याळ बघत होत्या, यार.”

मुकुलचं पोट दुखायचं एकदम थांबलं.

आत बाईंनी त्याची फाइल उघडलीच नाही. “टीमवर्क राहू द्या. सकाळपासून अकरा जणांनी तेच ऐकवलंय. लोकांनी टाकून दिलेली वस्तू कुणी विकलेली पाहिलीत कधी?”

मुकुलने तोंड उघडलं. देवाशपथ, त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं.

“माझी आई…” तो म्हणाला.

त्याची आई पद्मजाबाई शाळेत संस्कृत शिकवत आणि लसणाच्या नुसत्या वासाने त्यांचं डोकं चढे. पुढच्या दहा मिनिटांत मुकुलने त्यांना ओट्यावर बसवलं, हाती सुरी दिली, भोवती आठ शेजारणी जमवल्या, सराफ्यात पायी फिरवलं. सोलून सोलून बोटं कशी जळतात, हेही त्याने सांगितलं. संहितानेही ते सांगितलं नव्हतं. बाईंनी घड्याळ काढून बाजूला ठेवलं.

तीन वाजता फळ्यावर कागद लागला. एकच नाव, मुकुलचं.

गर्दीतून सगळ्यांच्या आधी संहिता धावत आली.

“क्या बात है, भिया! मी तर आईला फोनवर सांगूनही टाकलं, माझ्या मेंटॉरचं झालं म्हणून!”

“तुला… वाईट नाही वाटलं?”

“माझं काय, पुढच्या वर्षी आहेच की.”

मुकुलने तिचा चेहरा निरखून पाहिला. कुठे डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठाच्या टोकाशी, आपल्या ओळखीचं काही सापडेल म्हणून. काही नव्हतं. नुसता आनंद, तोही सगळा त्याच्यासाठीच.

“पण आत सांगितलंत काय? बाई हसत बाहेर आल्या!”

“काही नाही. नेहमीचंच.”

“असं नाही चालणार हं.” तिने फोन काढला आणि दोन्ही अंगठे तयार ठेवले. “बोला, शब्द न् शब्द लिहून घेते. पुढच्या वर्षी मीपण हेच सांगणार.”