मी ऐकलेला नकार

मित्रांनो, मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे, आणि आज माझा आवाज जरा चढा वाटला तर समजून घ्या. कालपासून आनंद आवरत नाही! चौतीस वर्षे मी एक वाक्य पोटात घेऊन गप्प बसलो होतो. काल ते भरसभेत बोलले गेले.

माझा जन्म समुद्रापारच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, आत बॅटऱ्या, उचलायला चामड्याचा पट्टा. जहाजातून आणि मग आगगाडीतून मी बोलिव्हियाच्या उंच पठारावर आलो. इथे थंडी कडाक्याची आणि हवा इतकी विरळ, की पाणी उकळत राहते पण बटाटा शिजत नाही. मला पाठीवर वाहायचे काम कासियानो चोके नावाच्या एकोणीस वर्षांच्या शिपायाकडे होते. माझ्या बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून तो स्वतःचा मफलर मला गुंडाळायचा आणि आपण कुडकुडत चालायचा. माझ्यातून जाणारे निरोप साधेच असत. पीठ संपले, खेचर लंगडते, डॉक्टर पाठवा. "हा डबा कधी दगा देत नाही," असे आमचे कॅप्टन फेर्मीन आरान्सिबिया म्हणायचे, तेव्हा मी पेटीतल्या पेटीत फुगायचो.

मग तो दिवस आला. कोल्पानी या खाणगावातल्या कामगार पुढाऱ्यांना पकडून नेले होते. त्यांना सोडवायला त्यांच्या बायका शहराकडे निघाल्या होत्या. वाटेत एकच पूल होता आणि पुलावर आमची तुकडी उभी होती. सकाळचे अकरा वाजले असतील. समोरच्या उतारावरून तीनशे बायका येताना दिसल्या. हातात रिकामी पातेली, पाठीवर बांधलेली मुले. सगळ्यांच्या पुढे सातुर्निना कोल्के होती, गोल हॅट आणि आवाज फाटक्या ढोलासारखा.

माझी घंटी वाजली. कासियानोने रिसीव्हर कॅप्टनसाहेबांच्या हातात दिला आणि रिवाजाप्रमाणे जोडीचा दुसरा रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. पलीकडे कर्नल होते.

"पुलापर्यंत पोचल्या की गोळ्या घाला."

"कर्नलसाहेब, बायका आहेत. पाठीवर पोरं आहेत. हातात पातेली आहेत."

"मी काय आहे ते विचारलं नाही. हुकूम कळला ना?"

"कळला, साहेब. पाळणार नाही."

तोवर सातुर्निना दहा पावलांवर येऊन पोचली होती. मग कर्नल हळू आवाजात म्हणाले, "याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना, कॅप्टन?"

"ठाऊक आहे. माझं नाव लिहून घ्या. आरान्सिबिया. नीट लिहा, लोक नेहमी चुकतात."

मित्रांनो, मी हजारो आवाज वाहिले. पण त्या आवाजाने माझ्या तारा आतून तापल्या!  कॅप्टनसाहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि शिपायांना बंदुकांतून गोळ्या काढायला लावल्या. गोळ्या पुलाच्या कठड्यावर ओळीने ठेवल्या गेल्या. सातुर्निना कॅप्टनसाहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"काय रे कॅप्टन, घाबरलास होय आम्हाला?"

"खूप घाबरलोय, बाई. तुम्हाला नव्हे. आता लवकर जा, माझ्या जागी दुसरा यायच्या आत."

तीनशे बायका पुलावरून गेल्या. एकीलाही खरचटले नाही.

दुपारी कॅप्टनसाहेबांना बेड्या पडल्या. चौकशीत कर्नल म्हणाले, "असा हुकूम मी दिलाच नव्हता. बायकांचा घोळका बघून हा माणूस ठाणं सोडून पळाला." हुकूम ऐकलेले साक्षीदार दोनच होते, कासियानो आणि मी; बायकांना कुणी काही विचारलेच नाही. मला तोंड होते ते दुसऱ्यांसाठी. कासियानोला आदल्या दिवशी सांगून ठेवले होते, की तार तुटली होती असे म्हण म्हणजे हवालदार होशील, नाहीतर कॅप्टनबरोबर तुरुंगात जाशील. तो खाली मान घालून म्हणाला, "तार तुटली होती. मी काही ऐकलं नाही."

साऱ्या पलटणीसमोर कॅप्टनसाहेबांच्या खांद्यावरची पदचिन्हे ओरबाडून काढली. कागदावर शब्द लिहिला गेला: भित्रा. पुढे ते खालच्या दरीतल्या एका गावात मुलांना गणित शिकवत राहिले आणि तिथेच वारले. त्यांची मुलगी रुफिना 'भित्र्याची पोर' हे ऐकत वाढली.

मी कोठारात पडलो. उंदरांनी माझा पट्टा खाल्ला. मग भंगारात निघालो आणि ओरुरो शहराच्या बाजारात गंजक्या कुलपांशेजारी जाऊन बसलो. एके दिवशी कासियानो समोर येऊन थबकला. केस पिकलेले, छातीवर चांगल्या वागणुकीचे पदक. त्याने मला घरी नेले आणि कपाटावर ठेवून वर फडके टाकले. नातवंडांना माझा दांडा कधी फिरवू दिला नाही.

दिवस पालटले. कोल्पानीच्या नगरपालिकेने ठरवले, कॅप्टनचा पुतळा उभारायचा, घोड्यावर बसलेला, हातात तलवार!

"घोडा कुठला आणलास, मेल्या?" म्हाताऱ्या सातुर्निनाने नगराध्यक्षालाच विचारले. "तो पायी आला होता. आणि तलवार असती तर त्यानं तीही खाली ठेवली असती."

रुफिना एवढेच म्हणाली, "मला पुतळा नको. त्या कागदावरचा एक शब्द बदला."

पण शब्द बदलायला पुरावा हवा होता. म्हणून काल खाणकामगारांच्या सभागृहात सुनावणी होती. लष्कराकडून मेजर व्हियोलेता उस्तारिस आल्या होत्या. रेडिओवर बातमी ऐकून कासियानोही आला, मला काखेत घेऊन! त्याने मला टेबलावर ठेवले. 

"तार तुटली नव्हती," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

सभागृहात एकच गलका उठला. मेजरबाईंनी टेबल ठोकले. "तुमच्या दोन साक्षी झाल्या. खरी कोणती मानू?"

"जिच्यात माझं नुकसान आहे, ती." त्याने पदक काढून माझ्या शेजारी ठेवले.

मेजरबाई हुशार होत्या. त्यांनी कासियानोला कॅप्टनचे फोनवरचे शेवटचे शब्द कागदावर लिहायला लावले, कागदाची घडी केली आणि त्याला बाहेर पाठवले. मग सातुर्निनाला विचारले, "तुम्ही किती लांब होतात?"

"दहा पावलं."

"काही ऐकू आलं?"

माझा श्वास अडकला, टेलिफोनला श्वास असतो असे धरून चाला! म्हातारी हसली. "ऐकू आलं की. म्हणाला, नाव नीट लिहा, लोक नेहमी चुकतात. मी उभ्या जन्मात विसरले नाही. डोक्यावर मरण, आणि बाबाला आडनावाची काळजी!"

"हे तुम्ही यांच्याशी बोलला होतात?"

"त्या बाहेरच्या लबाडाशी? त्याचं तोंड चौतीस वर्षांत आजच बघतेय."

मेजरबाईंनी घडी उघडली. वाचली. मोठ्याने वाचली. शब्द न् शब्द तोच होता. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि रुफिनाला त्यांनी कडक सलाम ठोकला.

काय सांगू, मित्रांनो! पातेली वाजू लागली, बायकांनी रुफिनाच्या डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले, आणि मूठभर माझ्यावरही! रुफिना मात्र परत आत आलेल्या कासियानोसमोर जाऊन थांबली. "फार उशीर केलात, काका. बाबा वाट बघत गेले."  तिने जांभळ्या मक्याच्या गरम पेयाचा, आपीचा, पेला भरला आणि बराच वेळ हातातच धरला. मग त्याच्यापुढे केला.

कागदावरचा 'भित्रा' हा शब्द बदलणार आहे आणि पुतळ्याचा बेत रद्द झाला आहे. लष्कराचे नवे अधिकारी शपथ घेण्याआधी त्या पुलावर पायी येणार आहेत. सातुर्निना त्यांना पातेले वाजवून तो दिवस सांगणार, आणि मग एकेकाने माझा रिसीव्हर कानाला लावून, पलीकडून दिलेला तोच हुकूम ऐकून, स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचे. पहिली तुकडी पुढच्या महिन्यात येते आहे. कासियानो सकाळपासून माझी तार जोडतो आहे.

माझे एक मागणे आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. मला नाही पुसलेत तरी चालेल. पण तुमच्या आसपास कुणी वरिष्ठांच्या तोंडावर 'हे मी करणार नाही' म्हणाले, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जा. दार वाजवा, त्याच्या मुलांसमोर त्याचा हात हातात घ्या. कॅप्टनसाहेबांचे दार कुणी वाजवले नाही.