व्हर्नाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. पण माझ्यावर बसून कुणी राज्य केलं नाही, की अभ्यास केला नाही. लास व्हेगासच्या झगमगाटापासून लांब, वाळवंटाला टेकलेल्या वस्तीत ‘कॉपर म्यूल’ नावाचा कॅसिनो होता. तिथे पत्त्यांच्या एका मशीनपुढे मी उभी असे.

परगावचे पाहुणे आमच्याकडे फिरकत नसत. येत ते वस्तीतलेच: हॉटेलांच्या खोल्या झाडणाऱ्या बायका, बसचालक, पेन्शनीतली म्हातारी मंडळी. पगाराचा चेक इथेच वटवायचा, वाढदिवसाचा केक इथेच कापायचा. मालक म्हणे, "हे तुमचं दुसरं घर." पहिल्या घराचं भाडं थकलं, की लोक ते इथेच जिंकायला बघत. माझी गादी भारी मऊ होती. मला घडवणाऱ्यांना कुणाच्या पाठीची काळजी नव्हती. माणूस उठू नये, एवढीच होती.

आमच्याकडे एक रीत होती. कुणाला जरा जाऊन यायचं असलं, की तो मला पुढे कलती करून माझी पाठ मशीनला टेकवी. म्हणजे जागा धरलेली आहे. मग तिला कुणी हात लावत नसे.

व्हर्ना शाळेतली निवृत्त स्वयंपाकीण. मशीनला पुष्कळ चारलं की ते ‘भरतं’ आणि मग देतंच, असा तिचा ठाम समज. मशीनला कशाचीच आठवण राहत नाही. मला राहते, पण मला कोण विचारतं?

तिचा नवरा ऑरिन दवाखान्यात होता. एका दुपारी तिच्या लेकीचा, ट्रिनाचा, तिथून फोन आला. आवाज मलाही ऐकू आला.

"आई, डॉक्टर म्हणतात आत्ताच ये. बाबा तुझं नाव घेतायत."

"आलेच गं. मशीन भरलंय. आता उठले तर दुसरंच कुणी घेऊन जाईल."

मशीनांवर देखरेख करणारी नेनिता पुढे आली. "मावशी, ऊठ. मी खुर्ची कलती करून ठेवते. कुणाला बसू देणार नाही."

"तुझ्या साहेबानं हटकलं तर?"

"साहेबाला मी बघते. तू नवऱ्याला बघ!"

"एवढा डाव होऊ दे."

असे बरेच डाव झाले. शेवटी नेनितानंच तिला दंडाला धरून उठवलं.

साहेब आलाच. "रिकामी खुर्ची आपल्याला काय मिळवून देते?" नेनिता भांडली, तर तिला दुसऱ्या टोकाला धाडलं आणि मला सरळ केलं. व्हर्नाची शेजारीण लुपे येऊन बसली. जागा धरलेली होती, याची तिला कल्पना नव्हती. थोड्याच वेळात मशीनवर चार एक्के आले, म्हणजे मोठं बक्षीस. दिवे, घंटा, एकच गलका.

संध्याकाळी व्हर्ना परतली. लुपे धडपडत उठली. "व्हर्ना, ऑरिन कसा आहे?"

"गेला. मी पोचायच्या आधीच." व्हर्नाची नजर तिच्या खांद्यावरून मशीनकडे गेली. "यानं दिलं का गं?"

लुपेनं मान खाली घालून हो म्हटलं.

तेव्हा व्हर्ना रडली. काचेला कपाळ टेकून, मोठ्यानं.

"रड बाई, रड," लुपे तिची पाठ चोळत म्हणाली. "भला माणूस होता."

"माझं होतं ते, लुपे," व्हर्ना म्हणाली. "माझं होतं."

मालकानं सांत्वन म्हणून जेवणाची कुपनं पाठवली. ती तिनं घेतली, आणि माझ्यावर बसली.

पुढे करोनाच्या साथीत कॅसिनोची दारं बंद झाली, ती उघडलीच नाहीत. घेणाऱ्यानं इथे पुन्हा जुगार चालवायचा नाही, या अटीवर मालकानं जमीन विकली. केवढा हा चांगुलपणा! त्याचा नवा मोठा कॅसिनो पलीकडेच उभा होता, त्याला शेजारी स्पर्धा नको होती. सामानाच्या लिलावात व्हर्नानं मला घेतलं.

सध्या मी तिच्या स्वयंपाकघरात आहे. गादी उसवली आहे. माझ्यावर बसून ती मोबाइलवर तेच पत्ते खेळते. ट्रिनाचा फोन आला की तिचं नाव पत्त्यांवर येऊन पडतं. "आत्ता नको गं," म्हणत व्हर्ना ते बोटानं बाजूला सारते.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलात, तर माझे पाय मोडा, मला उन्हात फेकून द्या. पण या बाईला माझ्यावरून उठवा.