दौडीची घागर

आमच्या कोंढा गावच्या दौडीचा इतिहास भैयाजी दर सव्वीस जानेवारीला माइकवरून सांगतो आणि दर वर्षी खोटाच सांगतो. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आपला भंडारा मागे पडू नये म्हणून ‘मी’ ही दौड सुरू केली म्हणे! पहिल्या दौडीत हा गृहस्थ खुर्ची टाकून शेंगा खात बसला होता. दौड सुरू केली माझ्या बाबांनी, मंगरू मेश्राम पोस्टमननी. पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पळणारी पोरं त्यांनी गोळा केली आणि पवनीच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं ठरवलं. द्यायला बक्षीस नव्हतं, म्हणून आईनं आपल्या लग्नातली पितळेची घागर काढून दिली. गळ्यावर तिचं नाव होतं, मालनबाई. जिंकणाऱ्याचं नाव खाली पोटावर घालायचं आणि घागर वर्षभर त्याच्या घरी ठेवायची, असा नेम ठरला.

चौथ्या वर्षी भैयाजी अध्यक्ष झाला. आल्या आल्या त्यानं आईचं नाव कानशीनं घासून काढलं आणि बाबांना समितीतून. आई विचारायला गेली, तर भर मैदानात म्हणाला, “पाणी भराची घागर होती बाई, आमी तिले इज्जत देली.” लोक फिदीफिदी हसले. मी आईचा पदर धरून उभी होते. आई पुन्हा कधी दौड बघायला गेली नाही. ती वारली तेव्हाही घागर कुणाच्या तरी शोकेसमध्ये होती. त्या माणसाचं भलं होऊ नये असं मला रोज वाटायचं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

लग्नानंतर मी भंडाऱ्याला आले. इथल्या एका भांड्यांच्या दुकानात मी मशीननं भांड्यांवर नावं घालते. यंदाची दौड पंचविसावी. दहा दिवस आधी भैयाजी स्वतः घागर घेऊन दुकानात हजर! मला त्यानं ओळखलं नाही. ओळखायला आधी माणसाकडे बघावं लागतं. शिवाय सत्तरी उलटली तरी केसांना कलप, आणि चष्मा खिशात. चारचौघांत लावला तर म्हातारा दिसेल ना.

“पोरी, या गळ्यावर ठसठशीत घाल, ‘संस्थापक भैयाजी’.”

“घालते, काका. परवा या.”

त्या दोन दिवसांत मी जेवढी मन लावून अक्षरं काढली, तेवढी कुणाच्या रुखवतासाठी काढली नसतील. परवा तो आला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यानं घागर डोळ्यांपुढे धरली, अक्षरांवरून अंगठा फिरवला, वाचल्यासारखे ओठ हलवले.

“मस्त,” तो म्हणाला.

मी घागर लाल कापडात घट्ट बांधून दिली. “आता पाहुण्यांच्या हातूनच उघडा, काका. शोभा राहते.”

सव्वीस जानेवारीला मी बाबांना घेऊन मैदानावर गेले. पोरं पळाली, पदकं वाटून झाली. मग पाहुण्या शोभाताईंनी कापड सोडलं. त्या निवृत्त मास्तरीणबाई, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. “मालनबाई मंगरू मेश्राम यांची घागर. कार्य आटोपल्यावर घरी पोचवावी.”

लोक माना उंचावून घागर बघू लागले. भैयाजीचा चेहरा कलपापेक्षा काळा पडला. “हे कोणं लिवलं? फसवलं मले!” तो ओरडला.

मी गर्दीतूनच आवाज दिला, “काका, मंगरूची खुशबू मी. लिहिलं मीच. पण दुकानात तुम्हीच तर चार माणसांसमोर वाचून पाहिलं! की दिसलं नाही?”

सगळ्यांच्या नजरा त्याच्या खिशातल्या चष्म्यावर. भैयाजीनं माइक ओढला. “दिसाले काय झालं? मीनंच लिवाले सांगतलं. पंचवीस वर्सं झाली, मालनबाईची घागर आता तिच्या घरी गेली पायजे!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी! खाली उतरून त्यानं स्वतःच्या हातानं घागर बाबांच्या मांडीवर ठेवली. ते बघून मला जेवल्यासारखं वाटलं.

परतताना ऑटोत बाबा घागर कुशीत धरून बसले. मग म्हणाले, “भैयाजी बदलला वं, बाई. एवढ्या लोकाईत तुह्या मायचं नाव घेतलं त्यानं.”

दुसरी एखादी शहाणी मुलगी गप्प बसली असती. म्हाताऱ्याच्या मनाला तेवढीच शांती. पण वीस-बावीस वर्षं जपलेला राग मी त्या माणसाच्या नावावर पुण्य म्हणून जमा होऊ देणार नव्हते. मी ‘संस्थापक भैयाजी’, कलप, अंगठा, ओठ, सगळं सांगून टाकलं.

बाबा इतके हसले की ऑटोवाल्यानं वळून बघितलं. डोळे पुसत ते म्हणाले, “बरं झालं सांगतलंस, माय. मी तं घाबरूनच राहिलो होतो, का आता त्याले माफ करा लागते.”