सात झाडांचं पाणी

मनकर्णाबाईंनी तुरीची शेंग अर्धी सोलून तशीच हातात धरली आणि म्हणाल्या, "थांब. हे मांगचं पुन्हा वाच."

मुग्धाने पान मागे घेतलं. ओसरीवर ऊन आलं होतं. दोघींच्या मध्ये सुपात हिरव्या सोल्यांचा ढीग वाढत होता. तिने घसा साफ करून पुन्हा वाचलं, 'झाडांची पानं आकसली होती. तिला राहवलं नाही. तिने नळ सोडला आणि तहानलेल्या संत्र्यांना पाणी दिलं. आठ दिवसांनी सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून गेली आणि त्या दिवशी त्याने पहिल्यांदा तिचा हात धरला.'

"खोटं हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि शेंग सोलून टाकली.

मुग्धाचा चेहरा पडला. तिची ही पहिलीच कथा. सहा वर्षं ती पेपरात ऋतूंवर सदर लिहीत होती आणि ते वाचलंही जायचं. महाल भागातल्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि दर रविवारी नागपुरातून कळमेश्वरच्या बाजूला सासू मनकर्णाबाई आणि सासरे नानाजी यांच्या बागेवर यायची. नवरा ऋषिकेश बुटीबोरीला कारखान्यात. त्याची रविवारची पाळी असली तरी ही एकटी स्कूटी काढून यायची. धुकं किती वाजता उठलं, जवसाची निळी फुलं दुपारी कशी गळून पडतात, हरभऱ्यातून चाललं की पानांवरच्या आंबट आंबीने चपलेचा पट्टा कसा पांढरा पडतो, सगळं मोबाइलमध्ये टिपून ठेवायची. यंदा त्रैमासिकाचे संपादक भैय्याजी यांनी वसंत विशेषांकासाठी प्रेमकथा मागितली, तेव्हा तिला वाटलं, ऋतू तयारच आहेत, फक्त दोन माणसं आणून उभी करायची आहेत.

भैय्याजींनी कथा वाचून फोन केला. "मुग्धाताई, ऋतू एकदम झकास. प्रेम मात्र दिसून नाही राहिलं. पुढच्या सोमवारपर्यंत पाहा. नाही जमलं तर निसर्गलेख म्हणून छापून टाकू."

निसर्गलेख हा शब्द तिला फार लागला. घरच्यांशी दोन वर्षं भांडून प्रेमविवाह केलेल्या बाईला प्रेम लिहिता येऊ नये म्हणजे काय! ऋषिकेशला विचारलं, तर तो म्हणाला, "आपलंच लिही ना." तिने आठवून पाहिलं. भांडणं भरपूर होती, पण एका पानापुरतंही काही सापडेना.

"खोटं कसं, आई?" तिने विचारलं.

"आता झाडं कायच्यात हायेत?"

"ताणावर."

एवढं तिला ठाऊक होतं. डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात. महिना, सव्वा महिना झाडं कोरडी ठेवतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं की झाड फुलांवर येतं.

"मंग? ताण पुरा व्हायच्या आंधी पानी देल्लं तं फूल नाही येत, बाई. नवती येते. नुसता पाला."

"म्हणजे एकही फूल नाही? एवढं नक्की?"

मनकर्णाबाईंनी पुढची शेंग उचलली, ठेवली, मग अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. नानाजी बागेत होते.

"मीच देल्लं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला सहा महिने झाले होते. त्यांचं माहेर कुहीकडचं, धानाच्या मुलखातलं. तिथं पीक सुकलं म्हणजे माणूस हवालदिल होतो. झाडाला मुद्दाम उपाशी ठेवतात ही गोष्ट त्यांनी ऐकलीच नव्हती, आणि मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, धाकातल्या सतरा माणसांच्या घरात नव्या सुनेला कोण सांगत बसणार?

"गव्हाले पानी सुरू होतं. मी शिदोरी घेऊन गेल्ती. झाडं पाह्यली तं अशी मलूल. मले वाटलं, हे लोकं विसरले. पान्याचा दांड फोडला अन् पानी झाडाइकडे वळवलं. सात झाडं झाली, मंग भेव लागलं. दांड बुजवून घरी आली."

"मग?"

"मंग काय? महिन्यानं सारी बाग पांढरी झाली अन् ते सात झाडं हिरवेगार. मामाजीनं सगळ्याइले आंगनात उभं केलं. कोनं केलं? माह्या तोंडातून शबद निघाच्या आंधी हे म्हन्ले, दांड फुटला, माह्यं ध्यान नव्हतं. वर्सभर मामाजीनं त्याइले पान्याजवळ फिरकू नाही देल्लं. गावातले लोकं हासत. बागवानाच्या पोराले पानी धरता येत नाही म्हने."

"आणि तुम्ही नंतरही सांगितलं नाही?"

"कसं सांगू वं? पह्यले भेव वाटे. मंग लाज वाटे. त्याइले आजही खरंच वाटते का आपलाच दांड फुटला. आता ठिबक आलं, तरी कॉक तीन-तीनदा पाह्यतात. ते पाह्यलं का माह्या जीवाले लागते." त्यांनी मुग्धाच्या हातातल्या कागदांवर बोट ठेवलं. "तू दुरुस्त कर, पन माह्यं नाव कुठं येऊ देऊ नको. ते पेपरातले टेंडरही वाचतात. शपथ घे."

मुग्धाने शपथ घेतली. आता खरी कथा समोर सुपाशेजारी बसली होती आणि तिला हात लावायचा नव्हता.

जेवणं झाल्यावर ती बागेत गेली. बांधावरच्या पळसाला काळपट कळ्या धरल्या होत्या. सवयीने तिने मोबाइल काढला, पण काही न टिपता परत ठेवला. नानाजी विहिरीजवळ ठिबकच्या मोठ्या नळाशी वाकले होते. त्यांनी नळाचा कॉक पाहिला, चार पावलं चालले, परत फिरून पाहिला. नळ महिनाभर बंदच होता.

"गोष्ट आनली म्हन्ते. दाखव," ते म्हणाले.

विहिरीच्या काठावर बसून, कागद हातभर लांब धरून त्यांनी सगळी कथा वाचली. घाई नाही, मधे बोलणं नाही. शेवटचं पान वाचून त्यांनी ते मांडीवर ठेवलं.

"पान्याचं चुकलं, बेटा."

"हो. आईंनीही सांगितलं."

"काय सांगितलं तिनं?"

"हेच, की मधेच पाणी दिलं तर फूल येत नाही. पाला येतो."

"अजून?"

"अजून काही नाही." मुग्धा खोटं बोलण्यात कच्ची होती. नानाजी तिच्याकडे पाहून मिशीत हसले.

"सांगितलं ना सात झाडाइचं?"

नानाजींनी बागेच्या खालच्या कोपऱ्याकडे हात केला. ती झाडं काढून वीस वर्षं झाली होती. तिथं आता नवी कलमं होती.

"तिले वाटते मले मालूम नाही. गव्हात पानी येऊन नाही राह्यलं म्हनून मी पाहाले आलो. तुरीच्या आडून पाहतो तं ही दांड फोडून राह्यली. लुगडं खोचलेलं, पदर खांद्यावर, पाय चिखलात. अन् झाडासंग बोलून राह्यली."

"काय?"

"पी बाई, पोटभर पी. मी कोनाले सांगत नाही." नानाजींनी हे अगदी जसंच्या तसं, बायकी हळू आवाजात म्हटलं आणि स्वतःच लाजले.

"तुम्ही थांबवलं का नाही मग?"

त्यांनी कागद जुळवले, काठावर ठोकून सारखे केले.

"घरात सतरा मानसं होती, बेटा. तोंडावर हा एवढा पदर. दिवसा बायकोसंग बोलनं म्हनजे निर्लज्जपना. आता समज तूच. लिहिनारी तू हायेस."

"आणि हा कॉक? खरंच भीती वाटते म्हणून पाहता?"

"कायची भीती! तिच्यासाठी पाहा लागते. एकदा खोटं बोल्लो, तं निभवा नाही लागत काय? नाही पाह्यलं तं तिले समजन, का याचा दांड कधी फुटलाच नव्हता." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "पन आता वाकनं नाही होत. तू लिहून टाक. मले चाळीस वर्सं सांगता नाही आलं. छापून आलं तं तिच्या वाचन्यात येईन."

मुग्धा परतीच्या रस्त्याला लागली ती दोघांच्या गुपितांचं गाठोडं डोक्यावर घेऊन. एकीने लिहू नको म्हणून शपथ घातलेली, दुसऱ्याने लिही म्हणून कागद परत केलेले. काटोल नाक्याच्या सिग्नलला ती इतकी हरवली, की मागच्या ऑटोवाल्याने "ओ मॅडम, झोपल्या का?" म्हणून हॉर्न दिला.

आठवडाभर ती घरात कोणाशी धड बोलली नाही. पाच मसुदे फाडले. पहिल्यात निरीक्षणंच निरीक्षणं होती, पळस, जवस, धुकं. ती एकेक करून काढत गेली. नानाजींनी न दिलेलं उत्तर तिला हवं होतं, आणि ते कुठल्याच नोंदीत नव्हतं. शनिवारी दुपारी कपडे वाळत घालताना ते एकदम सुचलं. ओल्या हातांनीच आत जाऊन तिने ते एक वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर ती रडली. मग ऋषिकेशला विनाकारण मिठी मारली, त्यामुळे तो जरा घाबरला.

रविवारी बागेला पाणी सोडायचं होतं. नानाजी सकाळीच बागेत गेले होते. मनकर्णाबाई ओसरीवर कोथिंबीर निवडत होत्या.

"आई, मी लिहिलं आहे. तुमचं नाव नाही. कथा त्याची आहे, तिची नाही. पण आधी तुम्ही ऐका. नको म्हणालात तर इथंच फाडून टाकते."

मनकर्णाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "शपथ घेतली होती ना वं?"

"म्हणूनच आधी वाचते आहे."

त्यांनी पुढची काडी उचलली. मुग्धाने हा नकार नाही, असं धरलं आणि वाचायला सुरुवात केली. गव्हात उभा असलेला तरुण नवरा आला, न येणारं पाणी आलं, तुरीच्या आडचं थांबणं आलं. मनकर्णाबाईंचे हात चालूच होते.

'ती चिखलात उभी होती आणि झाडाला म्हणत होती, पी बाई, पोटभर पी. मी कोणाला सांगत नाही.'

कोथिंबिरीची काडी बोटांत राहिली.

"हे मी तुले सांगितलं नव्हतं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नाही."

"हे मी कोनालेच सांगितलं नाही."

मुग्धा त्यांच्याकडे पाहत राहिली. मनकर्णाबाई मात्र बागेच्या दिशेला पाहत होत्या. लांबून मोटारीचा आवाज सुरू झाला. पाणी निघालं होतं.

"कितव्या झाडावर आला तो?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या."

"म्हनजे सातही?"

"सातही."

"मंग हाक काहून नाही मारली?"

"पुढे आहे," मुग्धा म्हणाली आणि वाचलं, 'दांड फुटलेला त्याला दिसत होता. वडील काय म्हणतील हेही कळत होतं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा महिन्यांत तिचा चेहरा तो पहिल्यांदा उजेडात पाहत होता. हाक मारली असती, तर तिने पदर ओढून घेतला असता.'

पुढे अजून दीड पान होतं. मुग्धाने ते वाचलं नाही. मनकर्णाबाईंनी निवडलेली कोथिंबीर एका बाजूला केली, काड्या दुसऱ्या बाजूला केल्या, मग दोन्ही चुकून एकत्र केल्या. डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढलं.

"पाठवू?" मुग्धाने विचारलं.

"पाठव. अन् त्या मानसाले सांग, कॉक एकदाच पाहात जाय म्हना."

"तुम्हीच सांगा."

"मी कायले सांगू?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, पण हसू लपलं नाही.

फाटक वाजलं. नानाजी ओल्या पायांनी अंगणातून येत होते. चाळीस वर्षांत त्यांच्या चाहुलीसरशी मनकर्णाबाईंचा हात पदराकडे जायचा, तसा तो आताही गेला. डोक्यावरच्या पदराचा काठ त्यांनी धरला, क्षणभर धरून ठेवला आणि पदर मागे सारून खांद्यावर टाकला.

"लय गरम होऊन राह्यलं बाई आज," त्या म्हणाल्या.

मुग्धाच्या अंगात स्वेटर होता. ती कागद गोळा करून आत चहा ठेवायला गेली. जाता जाता तिने पाहिलं, नानाजी ओसरीच्या पायरीशी चपला काढत होते. एक काढून झाली होती आणि दुसरी तशीच पायात राहिली होती.