किशनरावांची मरतुकडी शेळी

साखराबाई माझी सख्खी आत्या. भूकंपात तिचं घर गेलं, नवरा गेला. नव्या वसाहतीत तिनं शेळ्यांवर संसार उभा केला. त्याच शेळ्यांना सरपंच किशनरावांनी गायरान बंद केलं. "हिची जनावरं समद्या गावात जंत पसरवून राहिलीत," असं त्यांनी चावडीवर सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चरायला नाही म्हणजे शेळ्या विकायच्या. माझं डोकंच फिरलं.

लातूरच्या क्लासात मी डॉक्टर व्हायला घोकंपट्टी केली आणि झाले जनावरांची डॉक्टर. गाव मला लेंड्यांची डॉक्टरीण म्हणतं. म्हणू दे. मी जाहीर केलं, प्रत्येक घरानं लेंड्या द्या, प्रयोगशाळेत त्यातल्या जंतांच्या अंड्यांची जनुकं तपासू. जंत कोणता आणि कोणतं औषध त्याला लागू पडत नाही, दोन्ही कळतं.

रिपोर्ट आला. सगळं गाव स्वच्छ, जंत एकट्या आत्याकडे.

"बघ उज्वला, तुझंच मशीन बोललं," किशनराव चावडीवर म्हणाले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात ते खुशीत येऊन बोलून गेले, "माझ्या बोकडाच्या लेंड्या व्हत्या. कसा हाय गडी! ती मरतुकडी शेळी हगून राहिली, तिच्या कशाला देऊ? घराण्याची इज्जत हाय का न्हाई?"

बाकीच्यांनीही "हाव, आमी बी तसंच केलं," म्हटलं. जत्रेतल्या प्रदर्शनाला न्यावं तसं प्रत्येकानं घरातलं गुटगुटीत जनावर निवडलं होतं. एकट्या आत्यानं सगळ्यात आजारी शेळीच्या लेंड्या दिल्या होत्या. हसावं की बोंबलावं, मला कळेना.

मी हातमोजा चढवला आणि सरळ किशनरावांच्या गोठ्यात शिरले.

"ए पोरी, कुणाला इचारून?"

"शेळीला," मी म्हणाले आणि त्या मरतुकडीचा नमुना स्वतः काढला. सरपंचाचाच गोठा झाल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

या वेळी घरोघरी एकच जंत निघाला, गाव दरवर्षी पाजत आलेल्या औषधाला दाद न देणारा. दुसऱ्याच दिवशी किशनराव आत्याच्या अंगणात आले.

"औषध बदलू, वहिनी. गायरान बी खुलं. फकस्त माझ्या गोठ्याचं नाव चावडीवर नको."

आत्या शेळ्यांची दावी सोडत होती. "माझं नाव कुठं घेतलंत?" ती म्हणाली. "तुमचं बी तिथंच घेईन. लई मोठ्यानं घेईन."

आणि तिनं शेळ्या चावडीच्या रस्त्याला लावल्या. गायरानाची जवळची वाट घरामागून जाते. ती आम्ही घेतली नाही.